विमलचा बॉल बाकी आहे

धप. धप. धप. आणि मग काहीच नाही.

सकाळी सायकल स्टँडवर सायकल लावताना मला हा आवाज यायचा. सिमेंटच्या कोर्टावर बॉल तीनदा आपटायचा आणि गप्प व्हायचा. त्यानंतरचा आवाज जाळीचा. पण सुती जाळीचा आवाज तो किती, पदर झटकल्याएवढा. स्टँडपर्यंत पोचायचा नाही. रिंगला लागला असता तर लोखंड वाजलं असतं. वाजलं नाही म्हणजे गेला. मी मनाशी म्हणायचो, विमल आलेली दिसते.

आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. संध्याकाळी आम्ही जुनी माणसं कॉलनीतल्या कट्ट्यावर बसतो. मी मुळात कमी बोलणारा, आणि शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे पेपरातल्या विषयांवर माझं काही चालत नाही. पण गप्पा थंडावल्या की कोणीतरी म्हणतंच, "नाना, पोरींच्या टीमचं सांगा." मग मी हळूहळू सांगतो. आमच्या फॅक्टरीच्या स्टोअरच्या कोपऱ्यात हवा गेलेल्या बॉलचा ढीग असायचा. खेळायला उपयोग नाही आणि फेकवतही नाही. किस्से तसेच साठतात. एक काढायला जावं तर वरचे दोन घरंगळत पायाशी येतात.

*

आमची फॅक्टरी सातपूरला. विजेचे स्विच बनायचे. मी ग्राउंडमन. कोर्ट झाडायचं, पांढऱ्या रेघा मारायच्या, जाळ्या विणायच्या, बॉलमध्ये हवा भरायची आणि मॅचला पाण्याचा माठ न्यायचा. सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा मोठ्या साहेबांच्या मनात आलं, की मुंबईच्या कंपन्यांकडे बायकांची बास्केटबॉल टीम असते, तर आपली का नको? बारा मुली घेतल्या. सकाळी प्रॅक्टिस, मग असेंब्लीच्या टेबलावर स्क्रू पिळायचे, दुपारी चहानंतर पुन्हा कोर्ट. पगार खेळण्याचा, पण नोकरी हंगामी. सहा महिने झाले की ब्रेक देऊन पुन्हा नव्याने घ्यायचे.

पहिल्याच दिवशी वेल्फेअरचे प्रधान साहेब कोर्टावर आले. माणूस वाईट नव्हता. हसून बोलायचा.

"पोरींनो, राज्याचा कप आणा. सगळ्यांना परमनंट करतो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागून एक उंच, सावळी मुलगी म्हणाली, "साहेब, परमनंट झाल्यावर खेळायचं की बंद करायचं?"

"अगं, खेळण्यासाठीच तर करणार."

"मग चालेल," ती म्हणाली, जणू साहेबांनाच नोकरीवर ठेवत होती.

ती विमल. नाशिकरोडच्या बौद्ध कॉलनीत राहायची. वडील म्युनिसिपालिटीच्या शाळेत गुरुजी. ती गेटातून आत आली की "जयभीम नाना" म्हणायची, मीही "जयभीम पोरी" म्हणायचो. मी वणीकडच्या शेतकरी घरातला. आमच्या गावात हे असं कधी म्हणालो नव्हतो. तिच्यामुळे सवय झाली आणि ती अजून आहे.

टीम सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांनी गुरुजी मला गेटवर भेटले. पांढरा सदरा, काखेत छत्री.

"नाना, मला खेळातलं कळत नाही. पण जळगावचं एक स्थळ आलंय. माणसं चांगली आहेत. फक्त त्यांना सून घरात हवी. हिला कायमची नोकरी लागली तर मी त्यांना सांगू शकतो, मुलगी नाशिकला राहील, नोकरी करील, खेळेल, पटत असेल तर बोला. हंगामी नोकरीच्या जोरावर मुलीच्या बापाला एवढं बोलता येत नाही."

"थांबतील का ते?"

"या सीझनपुरते थांबतो म्हणालेत."

कप सगळ्यांनाच हवा होता. विमलला तो का हवा आहे, हे मात्र त्या दिवसापासून कोर्टावर सगळ्यांना माहीत होतं. तिने स्वतःच सांगून टाकलं. वर म्हणाली, "तेव्हा कोणी बॉल सोडलात तर मी जळगावला जाईन आणि तिथून तुम्हाला शिव्या पाठवीन."

*

कोच थॉमस सर. केरळचे, पण तोफखान्यातून रिटायर होऊन देवळाली कॅम्पातच राहिलेले. सकाळच्या बसने यायचे. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि सगळं तोफांचं. रिंग म्हणजे टार्गेट, बॉल म्हणजे गोला. मुलीने घाईत बॉल टाकला की म्हणायचे, "रेंज न घेता फायर? तुमच्याच फौजेवर पडेल."

पहिली कॅप्टन उषा. टीम जेमतेम उभी राहिली आणि तिचं लग्न ठरलं. शेवटच्या दिवशी ती पेढे घेऊन आली. पेढे खाऊन झाल्यावर सर म्हणाले, "जायच्या आधी एक शेवटचा गोला टाक."

उषा फ्री थ्रोच्या रेघेवर उभी राहिली. टाकला. बॉल रिंग आणि बोर्ड यांच्या मध्ये जाऊन अडकला. आतही नाही, बाहेरही नाही. आम्ही सगळे खालून बघतोय.

थॉमस सरांनी घड्याळ पाहिलं, टोपी नीट केली आणि म्हणाले, "गोला अटक गया. लडकी आज नहीं जाएगी."

"सर, उद्या माझी हळद आहे."

"हळद लावून ये."

आणि ती आली. दुसऱ्या दिवशी दुपारी, हातापायाला हळद, मागे रिक्षात रागावलेली मावशी. आली, रेघेवर उभी राहिली, बॉल जाळीत घातला आणि तशीच रिक्षात बसून गेली. बॉलवर तिची पाच बोटं पिवळी उमटली. मी ओल्या फडक्याने पुसली, पण चामड्याला हळद लागली की ती जात नाही.

तेव्हापासून पोरींनी नियमच केला. टीममधून जाणारीने शेवटचा बॉल त्या हळदीच्या बॉलनेच टाकायचा. खाली मी उभा राहून तो झेलायचा आणि राहिलेल्यांना द्यायचा. जोपर्यंत टाकला नाही तोपर्यंत ती टीमचीच. तिचा नंबर दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही.

उषा गेल्यावर कॅप्टन विमल झाली. सात नंबर.

*

सेंटरला उंच मुलगी हवी होती. ती मिळाली नामपूरची. कमल. तिच्या वडिलांची कांद्याची शेती. ही कांद्याची गोणी एकटी उचलते, असं कोणीतरी सरांना सांगितलं आणि सरांनी तिला बोलावून घेतलं. तिने बास्केटबॉल पाहिलेला नव्हता.

पहिल्या दिवशी वर उडालेला बॉल तिने आंबा तोडावा तसा हवेतून काढला, पोटाशी धरला आणि उभी राहिली. चार जणी तिला लोंबकळल्या. कमल हलेना.

सर ओरडले, "पास! पास दे!"

कमल म्हणाली, "बॉल मना शे. कसाले देऊ?"

सरांना बागलाणची भाषा कळत नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "सर, ती म्हणते, बॉल माझा आहे, कशाला देऊ?"

सरांनी टोपी मागे सारली. मग म्हणाले, "पॉइंट तर बरोबर आहे."

तिला पास द्यायला शिकवलं ते विमलने. कमलच्या वडिलांनी एकदा पोरीसाठी कांद्याची गोणी आणून टाकली. विमलने ती कोर्टावर ओतली आणि सगळ्यांना गोल उभं केलं. बॉलऐवजी कांदे. या हातात आला की त्या हातात द्यायचा. नावानिशी हाक मारून द्यायचा. जिचा कांदा पडेल ती बाजूला.

"पडलेल्या कांद्यांचं काय करायचं वं?" कमलने विचारलं.

"कँटीनला द्यायचे. संध्याकाळी भजी."

अर्ध्या तासात पोरींचे हात वाऱ्यासारखे चालायला लागले. कमल पहिल्यांदाच न मागता देत होती. सर खूश. पण भजीचं कानावर आल्यापासून एकेकीच्या हातातून कांदे निसटायला लागले, ते काही थांबेनात. विमल चिडून ओरडत होती, "नीट धरा गं, फायनलला काय भजी तळायचीत?" आणि ओरडता ओरडता तिच्या स्वतःच्या हातातून दोन पडले.

त्या संध्याकाळी कँटीनवाल्याने विचारलं, "नाना, लग्न आहे का कोणाचं?"

मी रिकामी गोणी झटकली. त्या शब्दाला तेव्हा कोर्टावर कोणी हसत नसे.

*

थॉमस सरांचा डावा कान तोफांनी गेलेला होता. हे पोरींना लवकर समजलं. टाइम आउट झाला की सर बाकावर बसायचे, आणि उजवीकडे बसायला कोणी तयार नसे. डावीकडे दाटी. तिथे बसलं की काहीही बोलता यायचं. सर समोर बघत हातवारे करून प्लॅन सांगायचे आणि डावीकडे त्याच वेळी दुसराच प्लॅन शिजायचा.

सेमीफायनल नगरला होती. आम्ही मागे होतो. सर म्हणाले, "कमलला आत उभं करा, सगळे गोळे तिच्याकडे."

डावीकडे विमल दबक्या आवाजात म्हणत होती, "म्हाताऱ्याला सांगू दे. कमलवर तिघी उभ्या आहेत. कमल, तू नुसती हात वर करून बॉल माग. जोरात माग. सगळ्या तुझ्याकडे पळतील. बॉल मात्र मी बाहेरून टाकते."

"आन् माले बॉल देवाव नही?"

"आजच्या दिवस नाही. उद्या देते."

तसंच झालं. कमल बॉल मागत राहिली, तिघी तिच्याभोवती फिरत राहिल्या आणि विमल बाहेरून टाकत राहिली. आम्ही जिंकलो.

परतीच्या बसमध्ये सर माझ्या शेजारी होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, एक सांगू का? पोरी तुमच्या डाव्या बाजूला बसतात ना..."

"मालूम है."

"ऐकू येतं तुम्हाला?"

"डोळ्यांना येतं, तिरक्या नजरेने. विमलचे ओठ मी दोन महिने वाचतोय. म्हातारा म्हणते मला."

"मग बोलत का नाही?"

सरांनी खिडकीची काच सारली. "नाना, कोच ऐकतोय असं वाटलं की पोरी विचार करायच्या बंद होतात. एक कान गेला, हे सरकारने मला दिलेलं सगळ्यात चांगलं पेन्शन आहे."

मागच्या सीटवर कमल विमलला म्हणत होती, "उद्या देशी ना? बोलनी होती तू."

*

फायनल पुण्याला, मुंबईच्या टीमशी. त्यांचे बूट एकसारखे, आमच्या पोरींचे कॅनव्हासचे, खडूने पांढरे केलेले. चाललं की मागे पावलं उमटायची.

गुरुजी आले होते. मॅच बघायची त्यांची ही पहिलीच वेळ, आणि मुलीला हाफ पँटमध्ये बघायचीही. मी त्यांच्यासाठी पायरीवर पेपर अंथरला. ते छत्री गुडघ्यावर ठेवून बसले. अर्धा वेळ जमिनीकडे बघत होते.

"जळगावहून विचारणा आलीय," हळूच म्हणाले. "तारीख काढू का म्हणतात. मी म्हटलं, आज सांगतो."

मॅच शेवटपर्यंत अटीतटीची झाली. आम्ही एका पॉइंटने मागे, वेळ संपत आलेली, आणि विमलला धक्का बसून ती पडली. शिट्टी. दोन फ्री थ्रो.

ती रेघेवर गेली तसा मुंबईवाल्यांचा गलका सुरू झाला. भाड्याचा बँड, पत्र्याचे डबे, थाळ्या, शिट्ट्या, काय हाताला येईल ते. त्यांचं बरोबरच होतं, फ्री थ्रोला असंच करतात. विमलने बॉल एकदा आपटला आणि थांबली. तिचा तो तीन आपटींचा हिशेब त्या आवाजात तिलाच ऐकू येत नसावा. तिने पुन्हा हातात घेतला. पुन्हा आपटला. पुन्हा थांबली. रेफ्री घाई करायला लागला.

गुरुजी उठून उभे राहिले. त्यांना वाटलं असावं की हे नियमात बसत नाही. मुलगी काहीतरी करतेय आणि वर्ग गोंधळ घालतोय. त्यांनी छत्रीचं टोक पायरीवर आपटलं आणि फार न ओरडता, पण पोटातून म्हणाले,

"शांत बसा."

तीस वर्षं साठ-साठ पोरांच्या वर्गात घासलेला आवाज तो. काय सांगू तुम्हाला. डबे थांबले. माणसं खाली बसली. चांगली पॅन्ट घातलेली, मिशा असलेली माणसं. बँडवाला बसला. आमच्याही बाजूचे जे उभे होते ते बसले. रेफ्रीने तोंडातली शिट्टी काढून हातात धरली.

धप. धप. धप.

एक गेला. बरोबरी.

धप. धप. धप.

दुसराही गेला.

नंतर कमलने विमलला खांद्यावर घेतलं आणि खाली सोडायलाच तयार होईना. "मना शे" म्हणत होती. गुरुजी माझ्याकडे वळून म्हणाले, "नाना, हिला हे एवढं येतं, हे मला कोणी सांगितलं का नाही?" मग डोळे पुसत म्हणाले, "जळगावला कळवतो. आता मला बोलता येईल."

*

कप घेऊन आलो तेव्हा सीबीएस बसस्टँडपासून फॅक्टरीपर्यंत टेम्पोतून मिरवणूक. प्रधान साहेबांनी कपात चहा ओतून सगळ्यांना पाजला. कप गळका निघाला. तरी सगळे प्यायले.

"साहेब, परमनंटचं?" विमलने विचारलं.

"फाईल आजच वर पाठवतो."

पाठवली होती. खोटं नाही बोलले. पण वर म्हणजे कुठे, ते कोणाला ठाऊक. ज्या मोठ्या साहेबांच्या मनात टीम आली होती, त्यांची बदली झाली. नवीन आले ते म्हणाले, बघतो. प्रधान साहेब आम्हाला टाळायला लागले, आणि टाळताना त्यांचा चेहरा उतरायचा.

गुरुजी दर शनिवारी शाळा सुटल्यावर यायचे. हजेरी लागते त्या टाइम ऑफिसच्या बाकावर छत्री घेऊन बसायचे. क्लार्क मान वर न करता म्हणायचा, "गुरुजी, फाईल वर आहे." गुरुजी "बरं" म्हणायचे आणि थोडा वेळ तसेच बसून जायचे. ज्या माणसाने पुण्यात हजार लोक बसवले, त्याला आमच्या टाइम ऑफिसात एक क्लार्क उभा करता आला नाही.

कोर्टावर कधी बॉल रिंगमागे अडकला की कमल ओरडायची, "फाईल वर गयी!" मग मी बांबू आणून तो खाली पाडायचो. पोरी हसायच्या. विमलही हसायची. एकदा म्हणाली, "नाना, तुमचा बांबू हेड ऑफिसला न्यायला हवा."

पावसाळा संपला, आणि ब्रेक लागला. पोरी घरी बसल्या. या वेळी नव्याने कधी घेणार ते कोणी सांगेना. जळगावची माणसं सीझनपेक्षा जास्त थांबली होती, हे गुरुजीही कबूल करायचे. एका शनिवारी ते टाइम ऑफिसात गेलेच नाहीत. सरळ कोर्टावर आले. मी जाळी विणत होतो.

"नाना, शब्द दिला."

मी सुतळीची गाठ मारत राहिलो.

"तिला सांगितलं का?"

"तीच म्हणाली, द्या. म्हणाली, बाबा, तुम्ही त्या बाकावर बसलेले मला बघवत नाही."

लग्नाच्या आधल्या आठवड्यात पोरींनी ठरवलं, विमलचा शेवटचा बॉल झोकात करायचा. ब्रेक असूनही सगळ्या आल्या. कमल नामपूरहून आली. थॉमस सरांनी जुना युनिफॉर्म इस्त्री करून घातला, छातीवर पदकं. मी कोर्ट धुतलं, रेघा नव्याने मारल्या, हळदीच्या बॉलमध्ये हवा भरली. पेढे आले. सगळे फाटकाकडे बघत बसलो.

विमल आली नाही.

ऊन उतरलं तसे सर उठले. पदकं काढून खिशात ठेवली. "उसको पता है," एवढंच म्हणाले. काय माहीत आहे, ते मी विचारलं नाही.

पेढ्यांना कोणी हात लावेना. शेवटी कमलने एक उचलला आणि खाता खाता म्हणाली, "टाका नही ना तिनी? मग आपलीच शे ती."

लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. पांढऱ्या साडीत फार छान दिसत होती. आमच्याकडे बघून हसली. बॉलचा विषय तिनेही काढला नाही, आम्हीही नाही.

आणि त्यानंतर, हळदही उतरली नसेल, इतक्या लवकर, ऑर्डरी आल्या. पोरींना निरोप धाडून बोलावलं आणि प्रधान साहेब स्वतः पळत कोर्टावर सांगायला आले, सगळ्या परमनंट. बाराच्या बारा. धापा टाकत बोलत होते आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की अकराच जणी समोर आहेत.

त्यांनी पुढे तिला कळवलं. गुरुजीही जळगावला जाऊन आले. पण तिकडे घर मांडून झालं होतं.

*

कट्ट्यावर लोक इथे थांबतात. म्हणतात, पुढे काय? पुढे काही नाही. टीम अजून काही वर्षं चालली. सात नंबर कमलने कोणाला घालू दिला नाही. नवीन पोरीने विचारलं की ती म्हणायची, "तो नंबर सुट्टीवर आहे." मग एकेक लग्न, एकेक शेवटचा बॉल. कमलने स्वतःचा टाकला तेव्हा पहिला मुद्दाम हुकवला, दुसऱ्या दिवशीही हुकवला, तिसऱ्या दिवशी तिचा नवरा नामपूरहून येऊन कोर्टाच्या कडेला बसला तेव्हा कुठे घातला. थॉमस सर थकले, बसचा प्रवास झेपेना, देवळालीलाच राहिले. फॅक्टरीत स्कूटरी वाढल्या. त्या लावायला जागा हवी होती. त्यासाठी कोर्टाचीच जागा पक्की झाली.

कोर्ट तोडायचं होतं त्या दिवशी मी सकाळीच गेलो. मजूर कुदळी, घण घेऊन आले होते. एका बाजूचा खांब काढून झाला होता, दुसऱ्याला हात लावायचा होता. मी स्टोअर रिकामं करत होतो. हवा गेलेले बॉल पोत्यात भरत होतो.

"जयभीम नाना."

मी वळलो. ती थोडी भरली होती. कानापाशी केस पांढरे व्हायला लागले होते. चष्मा होता. हातात कापडी पिशवी. गुरुजींना बघायला माहेरी आली असावी. ते तेव्हा आजारी होते. कोर्ट तोडताहेत हे तिला कोणी सांगितलं, मला माहीत नाही. कमलनेच कळवलं असेल.

"जयभीम पोरी," म्हणालो. हातातलं पोतं खाली ठेवलं.

तिने कोर्टाकडे बघितलं. उरलेल्या रिंगला जाळी नव्हती.

"नाना, तो बॉल आहे का?"

तो मी पोत्यात टाकला नव्हता. वरच्या फळीवर होता. हवा गेलेली होती. सायकलच्या पंपाने भरायला घेतली. ती बाजूला उभी राहून बघत होती. पिवळी बोटं अजून होती, मातीच्या रंगाची झालेली. तिने त्यावर स्वतःची बोटं ठेवून बघितली.

मग चपला काढल्या. पिशवी त्यांच्याशेजारी ठेवली. पदर कमरेला खोचला आणि अनवाणी चालत रेघेवर गेली. रेघ पुसट होती. तरी तिचे पाय बरोबर तिच्यावरच थांबले.

मजुरांचा मुकादम म्हणाला, "बाबा, काम थांबलंय." मी त्याला हात केला. मी रिंगखाली जाऊन उभा राहिलो, झेलायला.

धप. धप. धप.

तिने बॉल डोक्यावर उचलला. हात तसाच, कोपर तसंच. रिंगकडे बघत राहिली. मजूरही कुदळी टेकून बघत होते.

मग तिने बॉल खाली घेतला. पोटाशी धरून उभी राहिली. चालत माझ्याकडे आली, तो माझ्या दोन्ही हातांत ठेवला आणि माझे हात त्यावर दाबून धरले. परत जाऊन चपला घातल्या, पदर सोडला, पिशवी उचलली, आणि फाटकाकडे चालू लागली.